खिडकीची दुसरी झडप

बंगल्यामागची खोली
१२ नोव्हेंबर

चि. सौ. बिट्टी हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. आईच्या गुडघ्याला नवं तेल लागू पडतंय हे वाचून बरं वाटलं. तिने नेहमीप्रमाणे विचारलेल्याचं उत्तर आधी देते, म्हणजे पुढचं ती स्वस्थपणे ऐकेल. हो, माडीवरची खिडकी रोज सकाळी उघडतात. म्हणजे जी एक झडप शिल्लक आहे ती उघडतात आणि दुसऱ्या बाजूचं गोणपाट गुंडाळून वर बांधतात, बाबा बांधायचे तसंच. मीच बांधते, त्यामुळे दुसऱ्या कुणाला विचारायला नको.

इकडे संग्रहालयात मोठी धांदल आहे. परदेशी व्यापारी पहिल्यांदा जहाजातून इथे उतरले आणि त्यांच्यातल्या एकाने हा बंगला बांधला, तेव्हा तो जसा होता तसाच आता दिसला पाहिजे, असं वर कुठेतरी ठरलंय. त्यानंतर घरात आलेलं सगळं बाहेर काढायचं. त्यासाठी एक बाई आल्या आहेत. गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग असतं, म्हणून आम्ही तिकिटाच्या खिडकीवर त्यांना भिंगवाल्या बाई म्हणतो. बाई माझ्याहून लहान, पण काम मोठं. जिन्याच्या कठड्यावरचे रंगाचे थर त्या अशा हलक्या हाताने सोडवतात की बघत राहावं.

पहिला बळी गेला तो जेवणाच्या दालनातल्या मेणाच्या साहेबाचा. आठवतंय, त्याचं नाक पडलं होतं आणि बाबांनी रंगाऱ्याची लांबी भरून नवं बसवलं होतं? बसवताना नमुना म्हणून त्यांच्यासमोर आरशातलं स्वतःचंच नाक होतं. इतकी वर्षं त्या गोऱ्या साहेबाच्या तोंडावर आपल्या बाबांचं नाक होतं आणि लोक तिकीट काढून ते बघत होते. बाईंनी भिंग लावलं आणि म्हणाल्या, हे नाक या माणसाचं नाही. मला हसू आवरेना. साहेब आता कोठीघरात भिंतीकडे तोंड करून उभा आहे.

हसण्यावारी नेण्यासारखं नाही ते पुढे आहे. माडीवरच्या खिडकीजवळ दोरीच्या आत जो पाळणा आहे, तोही बाईंनी परवा पाहिला. पाटीवर लिहिलंय की हा बंगल्याच्या पहिल्या मालकाच्या अपत्याचा पाळणा. बाई म्हणाल्या, घडण त्या काळची नाही, फार तर चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीची आहे. पुढच्या महिनाअखेरीला दालनं पुन्हा लोकांसाठी उघडणार, त्याआधी पाळणा तिथून काढायचा. कुठे ठेवणार, मोडणार की कुणाला देणार, ते अजून ठरलेलं नाही. हा मजकूर आईला वाचून दाखवू नकोस.

तुझ्या मास्तरांना नमस्कार. माया आहेच, ती पत्रातून कळत राहू दे.

तुझी
ताई

•

१६ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

ताई, तू घात केलास. पत्र मी नेहमीसारखं आईसमोर बसून, तिच्या चांगल्या कानाकडे तोंड करून, मोठ्याने वाचलं. ‘हा मजकूर आईला वाचून दाखवू नकोस’ हे वाक्यसुद्धा मोठ्याने वाचलं. तोंडातून निघून गेल्यावर कळलं. यापुढे असलं काही असेल तर आधी लिहीत जा. आमच्या दुकानात विषारी औषधाच्या बाटलीवर लाल खूण बाहेरून असते, तळाशी नसते.

आई मटार सोलत होती. बाबांच्या नाकाचं ऐकून इतकी हसली की पदर डोळ्यांना लावावा लागला. बरं झालं, म्हणाली, तेवढेच ते साहेब झाले. मग मी पाळण्याचं वाचलं. तिचे हात थांबले. पाळणा कुठे ठेवणार म्हणे, एवढंच तिने विचारलं. मी म्हटलं, ताईलाही ठाऊक नाही. ती पुन्हा सोलायला लागली. थोड्या वेळाने पाहते तर दाणे सालांच्या टोपलीत आणि सालं दाण्यांच्या भांड्यात. मी निवडून घेतलं. रात्री जेवली नाही. भूक नाही म्हणाली आणि भिंतीकडे वळून झोपली.

ताई, त्या पाळण्यात असं काय आहे? मला एक आठवण आहे. मी पाच-सहा वर्षांची असेन. आई माडी झाडत होती आणि मी दोरीखालून आत शिरून माझी चिंधीची बाहुली त्या पाळण्यात ठेवली, झोका दिला. आईने मला मारलं. आयुष्यात तिने मला तेवढं एकदाच मारलं, म्हणून लक्षात आहे. मला तेव्हा वाटलं, साहेबाच्या मुलीची वस्तू आहे, आपण हात लावायचा नाही म्हणून मारलं. कितीतरी दिवस त्या न पाहिलेल्या साहेबाच्या पोरीचा मी राग राग करत होते.

खरं काय ते लिही. घरच्या पत्त्यावर नको, दुकानाच्या पत्त्यावर लिही. फोन करू नकोस. फोनवर तू फक्त ‘बरं आहे’ म्हणतेस, कागदावर मात्र खोटं बोलता येत नाही तुला.

तुझ्या मायेवर हक्क सांगणारी,
बिट्टी

•

२१ नोव्हेंबर

(हे आईला वाचून दाखवायचं नाही. या वेळी आधी लिहिलंय.)

चि. सौ. बिट्टी हिस,
अ. उ. आ.

तुझ्या-माझ्यामध्ये आपल्याला एक भाऊ होता.

हे एक वाक्य लिहून मी उठले, खोलीत इकडेतिकडे केलं, पुन्हा बसले. आता सगळं लिहूनच टाकते.

मी तेव्हा नुकतीच शाळेत जायला लागले होते. बंगला अजून संग्रहालय झाला नव्हता. सरकारचा होता, पण नुसताच बंद, आत वटवाघळं. बाबा एकटे पहारेकरी, आणि आपण याच मागच्या खोलीत. आईला दिवस गेले होते. त्या वर्षी मोठं वादळ झालं आणि माडीवरच्या खिडकीची एक झडप निखळून अंगणात पडली. हिरव्या रंगाची, आडव्या पट्ट्यांची. बाबांनी वर कळवलं. कुणी आलं नाही. पुन्हा कळवलं. झडप अंगणातच पडून राहिली. तिला वाळवी लागण्याआधी बाबांनी ती आत घेतली आणि तिचा पाळणा केला.

मला ते दिवस स्वच्छ आठवतात. कामावरून आले की बाबा दारात बसून पट्ट्या घासायचे. हिरव्या रंगाची सालं उडायची, ती मी फ्रॉकच्या ओच्यात गोळा करायची. प्रत्येक पट्टीची कड त्यांनी घासून गोल केली, बाळाच्या हाताला कुसळ जाऊ नये म्हणून. आई म्हणायची, अहो, पोर येईल आणि चालायला लागेल, पण तुमचं घासणं संपायचं नाही.

बाळ आलं. मुलगा होता. आम्ही त्याला बाळच म्हणायचो. बाबांना दर दोन दिवसांनी नवं नाव सुचायचं आणि आई ते नापसंत करायची, त्यामुळे नाव ठरलंच नाही. थंडी संपत आली तेव्हा त्याला ताप भरला. पुढचं तू समजून घे.

नंतर पाळणा खोलीत तसाच होता. आई त्याच्याकडे पाठ करून बसायची. तो मोडायची बाबांना हिंमत होईना, कुणाला देववेना. एका सकाळी त्यांनी मला पायांकडची बाजू धरायला सांगितली आणि आम्ही दोघांनी तो माडीवर नेला. जिथली झडप होती त्याच खिडकीशी ठेवला. बाबा म्हणाले, इथे उजेड येतो.

तुझा जन्म झाल्यावर घरात पाळणा आला नाही. तू आईच्या आणि माझ्या मांडीवर वाढलीस. पुढे संग्रहालय करायचं ठरलं तेव्हा एक अधिकारी वस्तूंची नोंद करायला आले. माडीवर येऊन त्यांनी बाबांना विचारलं, हा पाळणा कुठला? बाबा म्हणाले, इथलाच आहे. त्यांनी तसं लिहून घेतलं आणि पाटी तयार झाली. बाबा खोटं बोलले नाहीत, बिट्टी. पण पुढचंही बोलले नाहीत.

मग झाडलोटीला बाई हवी असं निघालं तेव्हा आईने ते काम मागून घेतलं. सगळ्यांना वाटलं, घराला हातभार म्हणून. ती पंचवीसेक वर्षं रोज तो पाळणा पुसत होती. तू बाहुली ठेवलीस तेव्हा तिने का मारलं, ते तुला आता कळलं असेल. तिने कधी त्याला झोका दिला नाही. नुसता पुसायची.

मी लोकांना दालनं दाखवते तेव्हा ‘साहेबाचं मूल’ असं कधीच म्हणत नाही. ‘या घरातलं मूल’ म्हणते. बायका तिथे आल्या की आपोआप गप्प होतात. माझ्या आवाजावरून त्यांना काही कळत असेल का, कुणास ठाऊक.

आईशी बोलायची घाई करू नकोस. तुला धीर यावा म्हणून फार फार आशीर्वाद.

तुझी
ताई

•

२५ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी दुकानाच्या मागच्या बाजूला, औषधांच्या खोक्यांवर बसून वाचलं. पुढे कुणीतरी काउंटर वाजवत होतं. त्याने खोकल्याचं औषध मागितलं आणि माझ्याकडून पोटाचं दिलं गेलं. तो बिचारा परत आला आणि मीच त्याच्यावर चिडले.

मला राग कुणाचा आला ते नीट सांगता येत नाही. बाबांचा येत नाही, ते गेले. आईचा येऊच शकत नाही. राहिलीस तू. भावंडं किती म्हणून कुणी विचारलं की मी इतकी वर्षं बिनदिक्कत सांगत आले, आम्ही दोघी. तू काय सांगत होतीस, ताई? मला निदान लग्नानंतर तरी सांगायचं होतंस. मी काही कायम बिट्टी नव्हते.

आता माझं ऐक. पाळणा संग्रहालयाला नको आहे ना? मग तो आपला आहे. मास्तरांशी बोलले. ते म्हणाले, आपण टेम्पो करून घेऊन येऊ. आईच्या खोलीत खिडकीखाली जागा आहे. तिला रोज विचारावं लागणार नाही की खिडकी उघडली का. तिची वस्तू तिच्या डोळ्यांसमोर राहील.

आईशी अजून बोलले नाही. ती दिवसभर काहीतरी आवरत असते. आवरण्यासारखं काही नसलं तरी आवरते. काल तिने माझं कपाट लावलं, आता मला एक वस्तू सापडत नाही.

रागावलेली असले तरी तुझीच,
बिट्टी

•

१ डिसेंबर

(याही पत्रावर लाल खूण समज.)

चि. सौ. बिट्टी हिस,
अ. उ. आ.

तुझा राग मला पोचला आणि तो रास्त आहे. भावंडं किती म्हणून विचारलं की मीही दोघीच सांगते. सांगायच्या आधी एक श्वास जास्त जातो, एवढंच. आई कधी बोलली नाही, म्हणून बाबा बोलले नाहीत, म्हणून मीही बोलले नाही. घरात एखादी खोली बंद ठेवायची ठरते आणि मग तिचं दार कुठे होतं तेच विसरायला होतं, तसं काहीसं झालं.

पाळणा घेऊन जायचं तुझं म्हणणं मलाही क्षणभर फार पटलं होतं. पण मधल्या काळात एक गोष्ट घडली आहे. भिंगवाल्या बाई आल्या दिवसापासून त्या हरवलेल्या झडपेच्या शोधात होत्या. बंगल्याच्या सगळ्या खिडक्यांच्या झडपा मूळच्या आहेत, फक्त ती एक नाही. त्यांनी कोठीघर पालथं घातलं, अंगणातला जुना ढीग उपसला. मला दहादा विचारलं. मी दहादा नाही म्हणून मान हलवली. सोमवारी त्यांनी पाळणा उलटा केला. खालच्या बाजूला बिजागरीची खाच होती. शिल्लक झडपेच्या खाचेशी त्यांनी ती ताडून पाहिली, सांध्यात राहिलेला हिरवा रंग त्या रंगाशी ताडून पाहिला. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, अहो, सापडली! चेहरा असा उजळला होता त्यांचा, की जणू हरवलेलं माणूस भेटलं. मला रडू फुटलं. त्या घाबरल्या. मग मी सगळं सांगितलं.

माणूस चांगला आहे, बिट्टी. म्हणाल्या, जुनी पाटी मला लावता येणार नाही, ते खोटं होईल. आणि लाकूड बंगल्याचं आहे, त्यामुळे ते आवाराबाहेर जाऊ देण्याचा अधिकार मला नाही, तुम्हालाही नाही. टेम्पोचा विषय तिथेच संपला. राहतात दोन वाटा. एक, पाळणा आहे तिथेच ठेवायचा आणि पाटीवर खरं लिहायचं: पहारेकऱ्याने आपल्या मुलासाठी केला, मुलगा गेला. दुसरी, पाळणा सोडवून पुन्हा झडप करायची आणि खिडकीला बसवायची. मधे कापलेल्या दोन उभ्या पट्ट्या सुतार जोड देऊन सांधू शकतो.

त्यांच्या कामाच्या दृष्टीने दुसरी वाट सोन्यासारखी आहे, ते त्यांनी लपवलं नाही. पण म्हणाल्या, तुमच्या आईने सांगितल्याशिवाय मी एक खुंटी हलवणार नाही. फक्त महिनाअखेरीच्या आत सांगा, नंतर निर्णय माझ्या हातात राहणार नाही, वरचे लोक घेतील.

मला विचारशील तर मला तो मोडलेला बघवणार नाही. आणि पाटीवर खरं लिहिलेलंही बघवणार नाही. माझ्या मताचा उपयोग शून्य आहे. आता आईला विचारायला हवं आणि ते तुलाच करायचं आहे.

तुझी कसोटी बघणारी, पण तुझ्यावरच भिस्त ठेवून असलेली,
ताई

•

६ डिसेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पाटी लावायची. खरी पाटी. यात विचार करण्यासारखं काय आहे? इतकी वर्षं आपल्या भावाच्या पाळण्यावर दुसऱ्याच्या पोराचा हक्क होता. लोक कुणा साहेबाच्या मुलासाठी हळहळत होते. आता खरं लिहिता येतंय तर लिहू दे. आणि झडप करायची म्हणजे काय? त्याची तेवढी एकच वस्तू जगात आहे, ती मोडून त्या बंगल्याला परत द्यायची? बंगल्याला काय कमी आहे? चोवीस खिडक्या असतील. तुला ते घर आपल्या माणसांपेक्षा जवळचं झालंय, ताई. तिथेच राहून राहून तूही त्या दोरीच्या आतली झाली आहेस.

वरचं काल लिहिलं होतं. फाडणार होते, पण राहू दे, माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. काल संध्याकाळी आईशी बोलले.

मी तिच्याजवळ बसले आणि म्हटलं, ताईने मला बाळाचं सांगितलं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. चष्मा पुसत राहिली. मग म्हणाली, बरं केलं, मला जमलं नसतं. मी पुढचं सगळं सांगितलं, भिंगवाल्या बाईंचं, खाचेचं, दोन वाटांचं. खाच दिसली का त्यांना, म्हणाली. दिसणारच. तुझे बाबा ती बुजवायला निघाले होते, मीच म्हटलं, राहू द्या, खालच्या अंगाला आहे, पोराला लागत नाही. हे ती इतकं सहज म्हणाली की मला तो पाळणा, त्यातलं पोर आणि बाजूला वाद घालणारे ते दोघं एकदम दिसले. मला कधीच न दिसलेले.

मी तिला माझं मत सांगितलं, पाटीचं. ती ऐकून घेत राहिली. मग म्हणाली, तू चांगल्यासाठीच म्हणतेस. आणि कागद मागितला. मी म्हटलं, सांग, मी लिहिते. नको म्हणाली, तू मधे आपलं घालतेस.

तेव्हा तिचं पत्र वेगळ्या पाकिटात तुला येईल. त्यात काय आहे ते मला माहीत नाही. काल रात्रीपासून लिहीत बसली आहे, अजून संपलेलं नाही. मी बोलले ते मनाला लावून घेऊ नकोस. लावून घेतलंस तरी मग सोडून दे.

तुझी
बिट्टी

•

८ डिसेंबर

चि. थोरली हिस आईचे अनेक आशीर्वाद.

मी खुशाल आहे. गुडघा ठीक आहे. खूप दिवसांनी लिहिते, अक्षर वाकडं आलं तर समजून घे.

बिट्टी म्हणते पाटी लावा. तिचं चुकत नाही. तिला आत्ता कळलं, म्हणून तिला ते मोठ्याने सांगावंसं वाटतं. मला वाटत नाही. येणारे-जाणारे वाचतील, अरेरे म्हणतील आणि पुढच्या दालनात जातील. मला ते नको. बाईंना सांग, त्यांनी विचारलं हे मला फार बरं वाटलं.

तुझ्या बाबांनी ती गोष्ट मनाला लावून घेतली होती. बंगल्याची वस्तू घेतली म्हणून असं झालं, असं त्यांना वाटायचं. मला कधी वाटलं नाही. मी त्यांना तसं सांगितलंही होतं. पण ते गोणपाट रोज सकाळी त्यांनी स्वतःच वर बांधलं आणि संध्याकाळी स्वतःच सोडलं, दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही.

मी रोज तो पाळणा पुसत होते. पुसायचा आणि दोरी पुन्हा लावायची. कुणी हात लावायचा नाही, असं लिहिलेलं होतं. मी बिट्टीला मारलं, ते मला आजही आठवतं. लहान पोर ते, त्याने झोका दिला तर काय बिघडलं होतं? पण तो तसा हललेला मला बघवला नाही.

आता वाटतं, इतकी वर्षं तो एका जागी उभा आहे. खिडकीचं तसं नसतं. ती रोज उघडावी लागते, रोज लावावी लागते. वाऱ्याने हलते. कुणाचा तरी हात तिला रोज लागतो.

तेव्हा त्याची झडप करा. त्याचं लाकूड कुठे जात नाही, तिथेच राहतं. बाबांचंही मन हलकं होईल.

माझी एकच मागणी आहे. ती बसवली की रोज सकाळी तू उघड. दुसऱ्या कुणाला सांगू नकोस. तुला बरं नसलं तरच सांग.

बिट्टीला रागावू नकोस. रडत होती, मला दिसू न देता.

तुमची
आई

•

२९ डिसेंबर

तीर्थस्वरूप आईस,
शि. सा. न. वि. वि.

बिट्टी, हे पत्र मोठ्याने वाच, आईच्या चांगल्या कानाकडे तोंड करून. यात गाळायचं काही नाही.

आई, तुझं पत्र बाईंना दाखवलं. त्यांनी दोनदा वाचलं, भिंग न लावता. मग सुताराला बोलावलं. पाळणा सोडवायच्या दिवशी त्यांनी दालनाचं दार लावून घेतलं आणि मला म्हणाल्या, पहिली खुंटी तुम्ही काढा. खुंटी अलगद निघाली. बाबांनी त्यात लोखंडाचा खिळा एकही वापरला नव्हता, सगळ्या लाकडाच्या खुंट्या. सुतार म्हणाला, ज्याने केलं त्याने पुन्हा सोडवता येईल असंच केलंय. बाबांनी ते पोराच्या अंगाला लागू नये म्हणून केलं होतं की परत द्यायचं मनात होतं म्हणून, ते आता कोण सांगणार? तुला माहीत असेल तर लिही.

मोडताना बघवणार नाही असं वाटलं होतं. पण ते मोडणं वाटलंच नाही. एकेक पट्टी निघाली, पुसली गेली, सतरंजीवर ओळीने मांडली. तू मांडली असतीस तशी.

मग एक अडचण आली. सुतार म्हणाला, पट्ट्यांच्या कडा गोल आहेत, शिल्लक झडपेच्या धारदार आहेत, तेव्हा या रंधून सरळ करू, म्हणजे दोन्ही सारख्या दिसतील. मी एकदम नको म्हणाले. इतक्या जोरात की सुतार बिचारा रंधा खाली ठेवून उभा राहिला. बाई माझ्याकडे बघत होत्या. मी म्हटलं, त्या गोल करायला फार दिवस लागले होते. बाईंनी एका पट्टीच्या कडेवरून बोट फिरवलं आणि सुताराला म्हणाल्या, राहू द्या. त्यांच्या कामाच्या नियमात हे बसत नसावं. नंतर त्यांनी कचेरीतल्या अहवालात काय लिहिलं ते मला दाखवलं. लिहिलंय, ‘ही झडप पहारेकऱ्याने सांभाळली म्हणून मिळाली.’ पाळण्याचं काही लिहिलं नाही. भिंतीवर तर काहीच लावलेलं नाही.

काल झडप बसली. रंग दिल्यावर लांबून दोन्ही सारख्याच दिसतात. पण डोळे मिटून हात फिरवला तरी आपली कुठली ते कळतं.

आज दालनं उघडली. गर्दी बरी होती. साहेबही कोठीघरातून परत आला, नवं नाक लावून. त्याला शोभत नाही. दुपारी एक बाई माडीवर आल्या, माझ्याच वयाच्या असतील. दारातच थांबल्या. म्हणाल्या, मी मागे आले होते तेव्हा इथे एक पाळणा होता, तो कुठे गेला? पूर्वी माझ्या आवाजात जे काय होतं ते या वेळी नव्हतं, असं मला वाटतं. मी म्हटलं, इथेच आहे. त्यांनी सगळीकडे पाहिलं. मग वारा आला, झडप जराशी हलली. त्या खिडकीपाशी जाऊन बाहेर बघत उभ्या राहिल्या, एक हात झडपेवर ठेवून. मी हात लावू नका म्हटलं नाही.

बिट्टी, तू म्हणालीस तशी मी दोरीच्या आतली झाले असेन. पण ती दोरी आता काढून टाकली आहे. खिडकीला दोरी कशाला? सुट्टी काढून ये. मास्तरांनाही आण. आईला जिना चढवणार नाही, हे मला कळतं. पण अंगणात खुर्ची टाकली तर तिथून ती खिडकी समोरच दिसते.

आई, गोणपाट मी धुऊन, घडी करून ठेवलंय. टाकवलं नाही.

आज सकाळी खिडकी मी उघडली. दोन्ही झडपा उघडल्या. उद्याही मीच उघडेन. तरी तू दर पत्रात विचारतेस ते विचारणं सोडू नकोस. उत्तर लिहायला मला आवडतं.

पायांवर डोकं ठेवते. हात डोक्यावर असाच राहू दे.

तुझी
थोरली